चार धुरे मोजले, कर्ण राहिला

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या गावात मी नववी-दहावीला गणित शिकवतो, तिथं सोयाबीनची सोंगणी बहुतेक ठेक्यानं होते. एकराचा भाव आधी ठरतो, बायांची टोळी वावरात शिरते, काम आटोपलं की वावर मोजायचं आणि हिशेब करायचा. भावावरून सहसा भांडण होत नाही, तो चारचौघांत ठरलेला असतो. भांडण होतं ते मोजण्यावरून. मग टेप ज्याच्याकडे असेल त्याला बोलावतात. आमच्या गावात टेप शाळेकडे आहे, क्रीडा दिनाचा, पन्नास मीटरचा. त्यामुळे एका ऑक्टोबरात, रविवारी सकाळी, मला बोलावणं आलं.

शेतकरी साठीच्या घरातले, गावात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. गट 1 हेक्टर 62 आरचा, पण सोयाबीन त्यातल्या अर्ध्याहून थोड्या जास्त भागात होतं, बाकीच्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. म्हणून सातबारा उपयोगाचा नव्हता. सोंगलेला तुकडा तेवढा मोजायचा होता. उत्तरेला पांदण, दक्षिणेला शेजाऱ्याचा धुरा (शेताची हद्द), पश्चिमेला नाला आणि पूर्वेला नाल्याला धरून कधीकाळी घातलेला जुना बांध. त्या बांधापलीकडे पऱ्हाटी. भाव एकरी 4000 रुपये ठरला होता.

नववीतली दोन पोरं टेप धरायला घेतली. चारही बाजू मोजल्या: पांदणीकडून 121 मीटर, शेजाऱ्याकडून 119, नाल्याकडून 80, बांधाकडून 80. समोरासमोरच्या बाजू जवळपास सारख्या निघाल्यावर मला बरंच वाटलं. सरासरी घेतली, 120 गुणिले 80, म्हणजे 9600 चौरस मीटर. एकराचे 4047 चौरस मीटर धरले तर 2.37 एकर. 9488 रुपये. काकाजींनी खिशातून पैसे काढले, टोळीच्या मुकादम मावशीनं तिथंच आठ वाटे केले आणि मी टेप गुंडाळून घरी आलो. मोबाईल घेऊन शेताभोवती चक्कर मारली की क्षेत्र सांगणारी ॲप आहेत, ते मला माहीत होतं. पण पोरांसमोर टेप आणि गुणाकार दाखवायची हौस होती.

तक्रार

चार दिवसांनी मळणी झाली आणि काकाजी संध्याकाळी अंगणात येऊन बसले. भांडायला आले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. त्यांना आपल्याच हिशेबाचं कोडं पडलं होतं.

"सर, सतरा क्विंटल झालं. तुमच्या मापानं एकरी झडती सव्वासातच येते. औंदा त पीक चांगलं होतं. अन् दुसरं म्हंजे, पेरताना मले दोन बॅगा पुऱ्या अन् तिसरीतलं चार-पाच किलोच लागलं. दोन एकर सदतीसले येवढ्यात भागते काय?"

सोयाबीनच्या बियाण्याची बॅग तेव्हा इथं 30 किलोची यायची आणि एकराला एक बॅग हा सर्वांचा हिशेब असायचा. त्यांचं बियाणं साधारण 65 किलो गेलं होतं. 2.37 एकराला 71 किलो लागायला हवं. मी म्हणालो, पेरणी विरळ झाली असेल. झडतीबद्दल, म्हणजे एकरी उताऱ्याबद्दल, म्हणालो, एखाद्या पट्ट्यात पाणी साचलं असेल. गणिताच्या मास्तरला शेतकऱ्याच्या पेरणीत खोट काढताना जरासुद्धा अडखळायला झालं नाही, हे आज लिहिताना खुपतं.

तरी रात्री वही काढली. चौकोनाचं क्षेत्रफळ काढायचं आणखी एक सूत्र मला पाठ आहे, ब्रह्मगुप्ताचं. चार बाजूंची अर्धी बेरीज घ्यायची, तिच्यातून एकेक बाजू वजा करायची, चारही उत्तरांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं. बाजू 121, 80, 119, 80. अर्धी बेरीज 200. वजाबाक्या 79, 120, 81, 120. गुणाकाराचं वर्गमूळ 9599. माझं आधीचं उत्तर 9600. दोन वेगळ्या रीतींनी एकच आकडा आला म्हटल्यावर शंका मिटली आणि मी झोपलो.

वीस-वीस तास

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर मुकादम मावशी भेटली. काकाजींची कुरकुर तिच्या कानावर गेलीच होती. "सर, आमी काय जास्त घेतलं? आठ जणी होतो, सगळ्याइले वीस-वीस तास वाटून देल्ले. एकही तास उरला नाई."

ती आपली बाजू मांडत होती, पण माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. तास म्हणजे पिकाची ओळ; आठ विसं एकशे साठ तास. तास पांदणीला समांतर, म्हणजे ते पांदणीपासून शेजाऱ्याच्या धुऱ्यापर्यंत एकामागे एक लागलेले. पेरणी यंत्रात दोन तासांतलं अंतर 18 इंच, दीड फूट. 160 गुणिले दीड, 240 फूट. आणि नाल्याकडून मी मोजलेले 80 मीटर म्हणजे 262 फूट. 22 फूट वावर गेलं कुठं?

मी टेप घेऊन थेट शेतात गेलो. मळणी झालेली, वावर मोकळं, सोयाबीनचे खुंट ओळीत उभे. नाल्याच्या धुऱ्याला टेप लावला आणि लागोपाठ दहा तासांचं अंतर घेतलं. एका अंतराला पावणेवीस इंच आले. हायसं वाटलं: यंत्रच पावणेवीस इंचावर लावलेलं असणार, 22 फुटांचा उलगडा झाला, माझे 80 मीटर बरोबर. काकाजी बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं, एका तासाच्या खुंटापाशी टेकवलं आणि शेजारच्या तासाकडे सरळ आडवं धरलं.

"सर, तास असा मोजतेत. तुमी त तिरपं मोजून राहिले."

18 इंच.

प्रकरणाचा गाभा इथं आहे म्हणून जरा थांबतो. नाला पांदणीला काटकोनात येत नाही, तो तिरपा येतो. मी त्याच धुऱ्यावरून सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो आणि तो तिरपा आहे हे मला दिसलं नव्हतं असं नाही. पण मोजताना चार आकडे मिळाले, समोरासमोरचे जुळले, आणि डोक्यानं परस्पर ठरवलं की हा आयत आहे. जे चित्र मनात होतं त्यात कोपरे काटकोनी होते. वावरातले नव्हते.

नववीच्या भूमितीत चौकोनाच्या प्रकरणात आपण शिकवतो की संमुख बाजू समान असतील तर तो चौकोन समांतरभुज असतो. बस, एवढंच. आयत असतो असं त्या प्रमेयात कुठंही नाही. आयत व्हायला एक तरी कोन काटकोन हवा, किंवा कर्ण समान हवेत. मी मोजलेल्या चार बाजू समांतरभुज चौकोनापर्यंत नेतात आणि तिथं सोडून देतात. पुढचं पाऊल मी मनानं टाकलं होतं.

समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंची. उंची म्हणजे दोन समांतर बाजूंमधलं लंब अंतर, तिरप्या बाजूची लांबी नव्हे. बायांनी तास वाटून घेताना नेमकी उंचीच मोजली होती. 240 फूट म्हणजे 73.15 मीटर, त्याला 120 नं गुणलं की 8778 चौरस मीटर, 2.17 एकर. कागद-पेन्सिल न घेता, काम सारखं वाटलं जावं एवढ्याच हेतूनं केलेली वाटणी माझ्या टेपपेक्षा खरी निघाली. आणि ती निघाली टोळीच्याच विरोधात, हेही लक्षात घ्या. मावशी स्वतःच्या समर्थनाला जो पुरावा देत होती, तोच काकाजींच्या बाजूचा होता.

कर्ण

त्याच संध्याकाळी आम्ही कर्ण मोजले. लहान कर्ण 112.6 मीटर, मोठा 170. आयत असता तर दोन्ही 144 च्या आसपास आले असते. जवळजवळ साठ मीटरचा फरक, आणि मी तो पाच दिवस पाहिला नव्हता.

मोजणीत गफलत नाही ना, याची एक सोपी चाचणी आहे. समांतरभुज चौकोनात दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. बाजूंचे वर्ग: 14641, 6400, 14161, 6400, एकूण 41602. कर्णांचे वर्ग: 12679 आणि 28900, एकूण 41579. वावरातल्या टेपच्या मानानं हे जुळणं उत्तमच म्हणायचं. तुकडा अगदी काटेकोर समांतरभुज नाही, 121 आणि 119 मध्ये दोन मीटरचा फरक आहेच, पण त्यानं आपलं काही बिघडत नाही.

कर्ण हाती आला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोणाला लपवाछपवी जमत नाही. तीन बाजू ठरल्या की त्याचा आकार ठरला. हेरॉनच्या सूत्रानं 121, 80, 112.6 चा त्रिकोण 4365 चौरस मीटर. 119, 80, 112.6 चा 4333. बेरीज 8698 चौरस मीटर, 2.15 एकर. तासांच्या हिशेबापेक्षा 80 चौरस मीटरनं कमी, म्हणजे एक टक्क्याच्या आत. बियाणं एकरी 30 किलोनं 64-65 किलो, काकाजींनी सांगितलं तेवढंच. झडती एकरी जवळजवळ आठ क्विंटल. सगळे धागे एका गाठीला आले. मजुरी निघाली 8600 च्या घरात. मी काकाजींना नऊशेच्या आसपास रुपये जास्त द्यायला लावले होते.

आता राहिलं ते रात्रीचं 9599. मला सगळ्यात जास्त त्यानंच छळलं, कारण पहिली चूक घाईची होती आणि ही विचार करून केलेली. ब्रह्मगुप्ताचं ते सूत्र चक्रीय चौकोनाला लागू पडतं, ज्याचे चारही शिरोबिंदू एका वर्तुळावर असतात. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन मिळून 180 अंश. समांतरभुज चौकोनाचे संमुख कोन तर समान. दोन्ही अटी एकत्र पाळायच्या तर प्रत्येक कोन 90 अंशाचाच हवा, म्हणजे वर्तुळात बसणारा समांतरभुज चौकोन हा आयतच. सूत्र वापरताना मी न बोलता पुन्हा तेच गृहीत धरलं होतं जे सकाळी टेप धरताना धरलं होतं. दोन रीती वेगळ्या नव्हत्याच. एकाच साक्षीदाराला दोनदा बोलावून मी दोन साक्षी झाल्या असं समजत होतो.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची माझी सकाळची रीतही ब्रह्मगुप्तानं 628 साली दिलेली आहे, पण स्थूल क्षेत्रफळ म्हणून, ढोबळ हे नाव देऊनच. पुढं 1150 मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत अर्ध्या बेरजेच्या सूत्राबद्दलही सांगितलं की ते त्रिकोणाला नेमकं, चौकोनाला ढोबळ. त्यांचा मुद्दा असा की चार बाजू तशाच ठेवून कर्ण बदलता येतात, आणि कर्ण बदलला की क्षेत्रफळ बदलतं. लंब किंवा कर्ण यांतलं काहीच न सांगता जो चौकोनाचं निश्चित क्षेत्रफळ विचारतो त्याला त्यांनी पिशाच म्हटलंय, आणि जो उत्तर देतो त्याला त्याच्याहून वरचढ. काकाजींनी विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं. वरचढ कोण ते उघड आहे.

चूक नेहमी एकाच अंगाला का पडते

ढोबळ रीत कधी जास्त, कधी कमी दाखवत असती तर वर्षानुवर्षांत हिशेब सारखा झाला असता. तसं होत नाही. बाहेरून फुगलेल्या, म्हणजे बहिर्वक्र चौकोनात ती कधीच कमी दाखवत नाही. कारण साधं आहे. 121 आणि 80 या दोन बाजूंमधला त्रिकोण जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकतो? त्या दोन बाजूंमध्ये काटकोन असेल तेव्हा, अर्धा गुणाकार, 4840. कोन त्याहून लहान किंवा मोठा झाला की क्षेत्रफळ घटतंच. दुसऱ्या त्रिकोणाचंही तसंच, कमाल 4760. दोन्ही मिळून 9600, माझा आकडा. वावर जितकं तिरपं तितकी मजुरी फुगणार, आणि नुकसान दर वेळी मालकाचंच.

हे मी गावात सांगितल्यावर मुकादम मावशीनं जे ऐकवलं ते मला गणितातून सुचलं नसतं.

"मंग भाव कोनं ठरवला, सर? चार धुरे मोजाची पद्धत पहिलेपासून आहे. तेच्याच हिशेबानं आमी चार हजारात करतो म्हनलं. तासानं मोजाचं आधी सांगतलं असतं त आमी साडेचार मांगतले असते."

तिचं म्हणणं मला पटलं. भाव आणि माप एकत्र वाढलेले असतात, एकाला हात लावला की दुसरं हलतं. पण तिच्या युक्तिवादात एक फट आहे. भाव सगळ्या गावाला सारखा. नाल्याकाठची वावरं तिरपी, डांबरी रस्त्याकडची बरीचशी सरळ, काटकोनी. सरळ वावरात त्याच टोळीला चार हजारांत खरा पूर्ण एकर सोंगावा लागतो, नाल्याकडे नऊ-दहा टक्के कमी. म्हणजे नाल्याकाठचा मालक रस्त्याकडच्या मालकाचा वाटा भरत असतो, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

नऊशे रुपये मी माझ्या खिशातून देतो म्हणालो. काकाजी हसले, "तुमचा पगार काय तासावर आहे काय?" पैसे आठ घरांत दिवाळीच्या बाजाराला खर्च झाले होते. परत मागायचे नाहीत, असं त्यांनीच ठरवलं.

वर्गात

दिवाळीनंतर मी नववीच्या वर्गात तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, आणि सुतळी घेऊन गेलो. तुऱ्हाटी हलकी असते, सरळ असते आणि गावात फुकट मिळते. दोन लांब, दोन आखूड, टोकाला टोक सैल बांधून चौकोन केला. उभा धरला तर आयत. वरची काडी एका बाजूला ढकलली तर तो लवतो, लवत लवत जमिनीला टेकतो. बाजू त्याच, आतली जागा मात्र कमी होत होत शून्यावर येते. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याला पाचवी काडी घट्ट बांधली. आता ढकला म्हटलं. हलेना. मागच्या बाकावरचं एक पोरगं म्हणालं, "सर, आमच्या कोठ्याच्या ताटीले बाबानं अशीच तिरपी काडी मारली हाये, नाईतर ताटी झुकते." चौकोनाच्या प्रकरणाचा तास याच वाक्यानं सुरू करायला हवा, असं तेव्हापासून माझं मत आहे.

त्याआधी मी एक प्रश्न दिला होता: एका चौकोनाच्या संमुख बाजू समान आहेत, त्याचे कर्ण समान असतील का? बहुतेकांनी हो लिहिलं, आणि आकृती म्हणून आयत काढला. त्यांना प्रमेय येत होतं. सिद्धता विचारली असती तर कोनांसकट लिहिली असती. पण फळ्यावर आम्ही समांतरभुज चौकोन काढतो तो कसा? जेमतेम कललेला, वहीच्या रेघांवर बसलेला. 65 अंशाचा कोन, लहान-मोठ्या कर्णात दीडपट फरक, असा चौकोन आम्ही काढतच नाही. मग मास्तरही फसतो आणि पोरंही.

उलट बाजूनंही एक सापळा आहे. कर्ण समान आले की आयत, असं घाईनं म्हणू नका. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. आधी संमुख बाजू जुळल्या पाहिजेत, मग कर्ण. गवंडी जोता आखताना दोन्ही करतो: चारही बाजू दोरीनं, आणि मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून. आमच्या शाळेच्या नव्या खोलीचा जोता आखताना हे मी स्वतः उभं राहून पाहिलं होतं. ते तंत्र माझ्या समोर होतं, आणि ते वावरालाही लागू आहे हे मला काकाजींच्या नऊशे रुपयांनंतर कळलं.

पुढच्या ऑक्टोबरात सोंगणीआधी गावात ठरलं: तिरप्या वावरात तास मोजायचे, आणि भाव एकरी 4300. काकाजींच्याच वावरात पुन्हा मला बोलावलं. मी टेप घेऊन नाल्याच्या धुऱ्याकडे वळलो, तर मुकादम मावशीनं हाक मारली.

"तिकडं कायले जाता, सर? औंदा पेरनीचा ट्रॅक्टर दुसऱ्याचा होता. तेचं यंत्र पंधरावर लावलं होतं का अठरावर, ते पहिले पाहा. अन् टेप आडवा धरा, तिरपा नोको."